तारीख आधी, बाकी नंतर: फोटोसंग्रह लावण्याच्या नोंदी

५ जानेवारी

कामाला हात घातला. पसारा असा: दोन जुन्या हार्ड डिस्क, डीव्हीडींची चळत, लॅपटॉपवर ‘बॅकअप’, ‘बॅकअप नवीन’, ‘बॅकअप खरा’ अशा नावांचे फोल्डर, तीन-चार पिढ्यांच्या फोनमधून उतरवलेला माल आणि क्लाउडवरचं एक खातं. फाइली लाखाच्या वर आहेत. त्यांत वेगवेगळे फोटो किती, हे आत्ता सांगता येत नाही, कारण एकच फोटो पाच ठिकाणी असणार.

उद्दिष्ट लिहून ठेवतो: कुठल्याही वर्षाचा कुठलाही फोटो मिनिटभरात सापडला पाहिजे, आणि आज वापरतोय ते सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी सापडला पाहिजे. यातला दुसरा भाग लोक विसरतात.

क्रम: गोळा करणं, हुबेहूब प्रती वेगळ्या काढणं, तारखा ताळ्यावर आणणं, नावं देणं. चेहरे नि टॅग त्यानंतर. चांगले फोटो निवडायला सुरुवातीलाच बसलं की माणूस जुन्या दिवसांत रमतो आणि पहिल्याच फोल्डरात रविवार संपतो. म्हणून गोळा करून होईपर्यंत एकही फोटो मोठा करून बघायचा नाही. बघू किती पाळलं जातं.

९ जानेवारी

सगळं एका नव्या मोठ्या डिस्कवर आणतोय. जुन्या डिस्क फक्त वाचण्यापुरत्या जोडल्या आहेत, त्यांवर काहीही लिहायचं नाही. प्रत्येक स्रोताचा वेगळा फोल्डर आणि आतली मूळ रचना जशीच्या तशी. ‘सहल फोनवरून’ असं भोंगळ नावसुद्धा पुढे तारीख शोधताना पुरावा म्हणून उपयोगी पडतं.

कॉपी करताना फाइलची ‘बदलल्याची तारीख’ टिकली पाहिजे. नुसतं ओढून टाकलं तर काही ठिकाणी ती आजची होते, म्हणून आरसिंक हे कॉपी करण्याचं साधन वापरतोय. ज्या फोटोंत आतली तारीख नाही, त्यांच्या बाबतीत हाच शेवटचा धागा असतो.

१२ जानेवारी

डीव्हीडी. बहुतेक वाचल्या गेल्या, काही अडल्या. साध्या कॉपीत पहिला खराब सेक्टर आला की सगळं थांबतं. ग्नू डीडीरेस्क्यू या डेटा वाचवण्याच्या साधनाची पद्धत वेगळी: चांगले भाग आधी पटापट उचलायचे, अडलेल्या जागा एका नकाशा-फाइलमध्ये नोंदवायच्या आणि मग त्या जागांकडे पुन्हा पुन्हा परतायचं. मधेच बंद केलं तरी नकाशामुळे काम तिथूनच पुढे सुरू होतं. वाचण्याचं ड्राइव्ह बदललं की तीच डीव्हीडी थोडी अधिक वाचली जाते, हा अनुभव आला. एका डीव्हीडीवर मात्र बाहेरच्या कडेचा भाग गेलाच. डेटा आतून बाहेरच्या दिशेने लिहिला जातो, त्यामुळे शेवटी लिहिलेले फोल्डर गेले. त्यांतले बरेचसे दुसऱ्या डिस्कवर निघतील असं वाटतंय.

१८ जानेवारी

हुबेहूब प्रती. नावावरून प्रत ओळखणं धोक्याचं आहे. कॅमेऱ्यांसाठी डीसीएफ नावाचा नियम आहे: फाइलचं नाव आठ अक्षरांचं, त्यांतले शेवटचे चार आकडे ०००१ ते ९९९९. दहा हजारावा फोटो काढला की मोजणी पुन्हा ०००१ वर. एकाच कॅमेऱ्याचे, एकाच नावाचे, पण वर्षांच्या अंतराने काढलेले फोटो त्यामुळे सहज निघतात. ‘त्याच नावाची फाइल आहे, बदलू का?’ या प्रश्नाला कुणी ‘हो’ म्हटलं की एक फोटो कायमचा जातो.

म्हणून प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे आतल्या माहितीवरून गणिताने काढलेली छोटी खूण, काढला. एक बिट जरी वेगळा असला तरी हॅश पूर्ण वेगळा येतो, म्हणजे हॅश जुळला तर फाइल तीच. रात्रभर मशीन चालू ठेवलं. सकाळी साधारण एक तृतीयांश फाइली प्रती निघाल्या. त्या पुसल्या नाहीत, ‘प्रती’ फोल्डरात हलवल्या. जागा स्वस्त आहे, घाई कशाची?

पण हॅशची एक मर्यादा आहे. कधीकाळी एखाद्या सॉफ्टवेअरने फोटोला तारे दिले किंवा फिरवल्याची नोंद केली, तर चित्र तेच राहतं पण फाइल बदलते. त्यासाठी एक्झिफटूल या साधनातला चित्राच्या डेटापुरता हॅश वापरला. मेटाडेटा, म्हणजे फाइलमध्ये चित्रासोबत असलेली तारखेसारखी माहिती, वगळून फक्त चित्र जुळतं का, ते त्यातून कळतं. त्यात आणखी बरेच गळाले. अशा जोड्यांत कुठली फाइल ठेवायची? ज्यात मेटाडेटा जास्त, ती.

२५ जानेवारी

आता कामाचा कणा: तारखा.

फोटोच्या आत एक्झिफ नावाची माहिती असते. हा आराखडा १९९५ मध्ये जपानी उद्योगसंघटनेने आणला. त्यात तीन तारखा असतात: फोटो काढल्याची, डिजिटल झाल्याची आणि फाइल बदलल्याची. कॅमेऱ्यात पहिल्या दोन एकच येतात, स्कॅनरच्या बाबतीत त्यांत वर्षानुवर्षांचं अंतर असू शकतं. आपल्याला हवी पहिली. लाखभर फाइलींपैकी कुणाकडे ती आहे नि कुणाकडे नाही, याचा तक्ता एक्झिफटूलने काढून दिला. फिल हार्वी यांनी २००३ पासून सांभाळलेलं हे साधन आहे. त्याला सुंदर खिडकी नाही, बटणं नाहीत, पण फोटोंच्या मेटाडेटाबाबत याच्या शब्दावर मी विश्वास ठेवतो.

विश्वासाची उतरंड अशी ठरवली. आधी एक्झिफमधली काढल्याची तारीख. ती नसेल तर फाइलच्या नावातली, कारण फोन बहुधा नावातच तारीख-वेळ घालतात. तीही नसेल तर फोल्डरचं नाव. फाइल बदलल्याची तारीख सगळ्यात शेवटी, आणि तीही ‘अंदाजे’ असा शेरा मारूनच. तारीख कुठून आली ते प्रत्येक फाइलमध्ये एका टॅगात लिहितोय. पुढच्या वर्षी शंका आली तर कळायला हवं की हे कॅमेऱ्याचं म्हणणं आहे की माझा तर्क.

३० जानेवारी

एक फोल्डर सगळा जानेवारी २००० चा. तेव्हा हा कॅमेरा बाजारातही नव्हता. कॅमेरा बराच काळ बॅटरीशिवाय पडून राहिला की आतला छोटा सेल उतरतो, घड्याळ मूळपदावर जातं, आणि चालू करताना विचारलेली तारीख कुणी न भरता पुढे जातं. फोटोंचा आपसातला क्रम आणि त्यांमधलं अंतर मात्र बरोबर असतं. सगळं काही ठरावीक काळाने मागे सरकलेलं आहे एवढंच. म्हणजे एका फोटोची खरी वेळ कळली की पूर्ण फोल्डर सुटला.

ती वेळ एका टोपीने दिली. किल्ल्याच्या बुरुजावर वाऱ्याने टोपी उडाली आणि हवेत असतानाच दोघांनी फोटो काढला: एक या कॅमेऱ्यातून, दुसरा फोनवरून. दोन्हींत टोपी जवळजवळ त्याच जागी आहे. कॅमेऱ्याची वेळ ४ जानेवारी २०००, २१:१०:३७. फोनची १६ नोव्हेंबर २००८, १०:४२:०५. फरक ३२३८ दिवस, १३ तास, ३१ मिनिटं, २८ सेकंद.

पण फोनचं घड्याळ तरी बरोबर कशावरून? ताळा करायला हवा होता. त्याच फोल्डरात निघतानाचा एक फोटो आहे, मागे फलाटावरचं डिजिटल घड्याळ. मोठा करून बघितला तर ०६:४३ दिसतात. कॅमेऱ्याच्या हिशेबाने तो ३ जानेवारीला १७:१२:०५ ला काढलेला. फरक मिळवला तर १५ नोव्हेंबर, ०६:४३:३३. जुळलं! (फोटो मोठा करून न बघण्याचा नियम इथे मोडला, पण कामासाठी.)

एक्झिफटूलमध्ये सगळ्या तारखा एकदम पुढे ढकलण्याची सोय आहे. एका आज्ञेत फोल्डर २००८ मध्ये आला. एक्झिफटूल मूळ फाइल आपोआप बाजूला ठेवतं, त्यामुळे हात थरथरायचं कारण नाही.

एक युक्ती नोंदवून ठेवतो. घड्याळ मूळपदावर जातं तेव्हा फाइलची क्रमसंख्या सहसा तशीच पुढे चालू राहते. फोटो क्रमसंख्येने लावायचे आणि तारीख कुठे मागे उडी मारते ते बघायचं. प्रत्येक उडी म्हणजे घड्याळ पुन्हा बिघडल्याची खूण. या कॅमेऱ्याचे असे टप्पे निघाले आणि प्रत्येकाला वेगळा फरक लावावा लागला. ज्या टप्प्यात टोपी नाही नि घड्याळही नाही, तिथे महिन्यापर्यंतच मजल गेली. तेवढं पुरे.

२ फेब्रुवारी

व्हिडिओ फोटोंशी जुळत नव्हते. एकाच प्रसंगातले फोटो दुपारचे आणि व्हिडिओ भलत्याच वेळेचे. कारण सापडलं: फोटोतली एक्झिफ तारीख स्थानिक वेळेत असते, एमपी४ व्हिडिओतली नियमाप्रमाणे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेमध्ये. जेवढा आपल्या वेळेचा यूटीसीशी फरक, तेवढेच व्हिडिओ सरकलेले. काही कॅमेरे नियम धाब्यावर बसवून स्थानिक वेळच लिहितात, म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याचा एक व्हिडिओ तपासूनच दुरुस्ती केली. काही व्हिडिओ तर १९०४ सालचे दिसत होते! तारखेचा रकाना रिकामा असला की असं होतं, कारण या प्रकारच्या फाइलींत वेळेची मोजणी १ जानेवारी १९०४ पासून सुरू होते.

एक्झिफमध्ये टाइमझोन लिहायची जागा २०१६ च्या २.३१ आवृत्तीत आली. त्याआधीच्या परदेशी प्रवासाच्या फोटोंत कॅमेऱ्याचं घड्याळ बदललं होतं की नाही, हे उजेडाकडे बघून ठरवावं लागतंय. रात्री दोनला लख्ख ऊन दिसलं की समजायचं.

८ फेब्रुवारी

व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो. नेहमीसारखे फोटो म्हणून पाठवले की आकार लहान होतो आणि एक्झिफ निघून जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. हे घरातल्या सगळ्यांना सांगून झालंय, ऐकलं कुणीच नाही. फाइलच्या नावात जी तारीख असते, ती फोटो फोनवर आल्याची असते. काढल्याची नव्हे. कुणी दहा वर्षांपूर्वीचा फोटो काल पाठवला तर नाव कालचं.

तरी हा ढीग सरसकट उडवायचा नाही. आपण स्वतः फोटोत असतो ते बहुतेक फोटो दुसऱ्यांनी काढलेले असतात आणि आपल्याकडे याच वाटेने येतात. मूळ फोटो ज्याच्याकडे होता त्याचा फोन हरवला की ही बारीक प्रतच शेवटची. शुभेच्छा, विनोद, पावत्या, स्क्रीनशॉट वेगळे काढले आणि उरलेल्यांना ‘आलेले’ असा टॅग देऊन मुख्य संग्रहात घेतलं.

१४ फेब्रुवारी

क्लाउडचं खातं उतरवलं. झिप फाइलींचा ढीग आला. फोटोंसोबत जेसन नावाच्या छोट्या फाइली आहेत आणि तिथे लिहिलेलं वर्णन किंवा सुधारलेली तारीख त्या छोट्या फाइलींत आहे, फोटोत नाही. नुसते फोटो उचलून जेसन टाकून दिले असते तर तिथे केलेली सगळी मेहनत पाण्यात. तारीख सेकंदांत असते, १ जानेवारी १९७० पासून मोजलेली, यूटीसीमध्ये. ती एक्झिफटूलनेच फोटोत उतरवली. लांब नावांची शेपटं कापली गेल्याने काही जोड्या आपोआप जुळेनात, त्या हाताने लावल्या. कंटाळवाणं काम. रेडिओ लावून केलं.

आयफोनच्या लाइव्ह फोटोंत एक चित्र आणि एक छोटा व्हिडिओ अशी जोडी असते. नाव बदलताना दोन्हींचं नाव एकच राहिलं पाहिजे, नाहीतर ताटातूट होते.

२० फेब्रुवारी

नावं आणि फोल्डर. वर्ष, त्याच्या आत वर्ष-महिना, बस्स. प्रसंगाचे, माणसांचे, गावांचे फोल्डर नाहीत. एका फोटोत भाऊ असतो, गाव असतं आणि लग्नही असतं, मग तो कुठल्या फोल्डरात जाणार? अर्थ टॅगमध्ये, फोल्डर फक्त काळाचा. फाइलचं नाव म्हणजे वर्ष-महिना-दिवस, मग वेळ, मग कॅमेऱ्याची खूण. या क्रमामुळे अक्षरक्रम आणि काळक्रम एकच होतो. वेळेत ‘:’ हे चिन्ह घालायचं नाही, विंडोजला चालत नाही.

आज एक विचित्र गोष्ट सापडली. मूळ रचनेत ‘दुसऱ्या घरात’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी. अक्षर न अक्षर सारखं, तरी संगणक म्हणतो वेगळे. गोम ‘ऱ’मध्ये होती. युनिकोडमध्ये (संगणकाच्या अक्षरसंकेतात) ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्यांना फरक नाही, यंत्राला आहे. मॅकची जुनी फाइल-व्यवस्था, एचएफएस प्लस, नावं सुटी करून साठवत असे, म्हणून मॅकवरून गेलेली प्रत आणि दुसरीकडची प्रत अशा दोन झाल्या. सगळी नावं एका रूपात आणली. फाइलनावांत आता फक्त आकडे आणि साधी इंग्रजी अक्षरं, मराठी सगळं मथळ्यांत नि टॅगमध्ये.

१ मार्च

सारखे दिसणारे फोटो. इथे हॅशचा वेगळा प्रकार लागतो. चित्र ९ गुणिले ८ ठिपक्यांएवढं लहान करायचं, रंग काढायचे आणि प्रत्येक ठिपका उजवीकडच्यापेक्षा उजळ की काळपट एवढंच नोंदवायचं. ६४ हो-नाही उत्तरं मिळतात. दोन फोटोंच्या उत्तरांत किती जागी फरक आहे ते मोजलं की साम्य कळतं. आकार लहान केलेली, पुन्हा दाबलेली प्रत यात पकडली जाते. चकावका हे मुक्त सॉफ्टवेअर हेच करतं.

मर्यादा सैल ठेवली तर अंधारातले सगळे फोटो एकमेकांचे भाऊ निघतात, आणि लिहिलेल्या कागदांचे फोटोही. घट्ट ठेवली. जिथे मोठी मूळ प्रत आणि तिचीच बारीक प्रत आहे, तिथे बारीक बाजूला केली. एकामागून एक दाबलेले सात-आठ फोटो मात्र तसेच ठेवले, त्यांतल्या एकाला तारे दिले, बाकीचे मागे. पुसण्यासाठी प्रत्येक फोटोवर निर्णय घ्यावा लागतो, आणि तो वेळ माझ्याकडे नाही. तारे दिलेलेच बघायचे, एवढी चाळणी पुरते.

९ मार्च

अल्बममधले कागदी फोटो. स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), म्हणजे चार गुणिले सहा इंचांचा फोटो २४०० गुणिले ३६०० ठिपक्यांचा होतो. मागच्या बाजूला काही लिहिलं असेल तर तीही बाजू स्कॅन. स्कॅनर एक्झिफमध्ये आजची तारीख घालतो, ती आधी काढायची.

अडचण अशी की एक्झिफला पूर्ण तारीख लागते, आणि आपल्याला माहीत असतं फक्त ‘उन्हाळा, बहुतेक १९९१’. एक्सएमपी या मेटाडेटाच्या दुसऱ्या प्रकारात नुसतं वर्ष किंवा वर्ष-महिना लिहिता येतो, म्हणून खरी माहिती तिथे लिहिली. क्रम लागावा म्हणून एक्झिफमध्ये त्या महिन्याची पहिली तारीख, आणि ‘अंदाजे’ टॅग.

ताईला फोन करून विचारलं, “अंगणातल्या फोटोत तुझ्या हाताला प्लास्टर आहे, तो कधीचा?”

“पाचवीची वार्षिक परीक्षा डाव्या हाताने दिली होती मी. आणि तू तेव्हा हसत होतास, विसरले नाहीये मी.”

पाचवीची परीक्षा म्हणजे एप्रिल १९९१. प्लास्टर असलेले बाकीचे फोटोही त्याच दोन महिन्यांतले झाले. दात पडलेले, नवा चष्मा, मागच्या भिंतीचा रंग, सगळं तारखेच्या कामाला येतं. ताईला सगळं पाठवून दिलंय, ती यात माझ्यापेक्षा पक्की आहे. मोठ्यांना हे लवकर विचारलेलं बरं.

२२ मार्च

चेहरे. डिजीकॅम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये सुरू केलं. काही चेहऱ्यांना आपण नावं दिली की पुढचे तो सुचवतो. मोठ्या माणसांचे बरोबर ओळखतो, तान्ह्या बाळांचे नाही. भावंडांची अदलाबदल तर ठरलेलीच. सुचवणी न तपासता ‘सगळे मान्य’ दाबायचं नाही.

पहिल्या दिवशीच एक सेटिंग बदललं: टॅग आणि चेहरे फक्त स्वतःच्या डेटाबेसमध्ये न ठेवता फाइलमध्येही लिहायचे. रॉ फाइलींना (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलींना) हात न लावता शेजारी एक्सएमपी फाइल ठेवायची. पिकासा हे गूगलचं फोटो-सॉफ्टवेअर २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा अनेकांनी दिलेली चेहऱ्यांची नावं त्याच्याच फाइलींत अडकून पडली. तपासणी सोपी आहे: एक फोटो दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा आणि नाव दिसतं का बघायचं. दिसलं.

टॅगची यादी मुद्दाम तोकडी: माणूस, प्रसंग, आलेले, अंदाजे, कागदपत्र. ‘सूर्यास्त’, ‘सुंदर’ वगैरे नाही. जागा जीपीएसवरून मिळते.

५ एप्रिल

बॅकअप. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम पुरेसा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं.

सगळ्या फाइलींच्या हॅशची यादी संग्रहासोबत ठेवली आहे. वर्षातून एकदा प्रत्येक प्रतीवर ती ताडून बघायची, म्हणजे गुपचूप बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवरून बदलता येईल. आज घराबाहेरच्या प्रतीवरून एक अख्खा महिना वेगळ्या मशीनवर परत आणून पाहिला. हॅश सगळे जुळले.

१२ एप्रिल

पुढची रीत: महिन्याच्या पहिल्या रविवारी घरातल्या सगळ्यांचे फोन उतरवायचे, हॅश, तारीख, नाव, बॅकअप, याच क्रमाने. स्क्रिप्ट तयार आहे.

बाकी असलेलं: ‘अंदाजे’ टॅगचे फोटो, त्यांतले बहुतेक ताईकडे. कॅमेऱ्याच्या एका टप्प्याचा फरक अजून मिळालेला नाही. जुन्या फोनचे थ्रीजीपी व्हिडिओ आजही उघडतात, त्यामुळे त्यांचं रूपांतर आत्ता करत नाही. ‘प्रती’ फोल्डर वर्षभर तसाच ठेवणार, मग पुसणार.